मीटरने मोजलेली लेस: सांगलीतील रुखवताच्या एका कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागात एका घराच्या पुढच्या खोलीत आमचा क्रोशाच्या विणकामाचा वर्ग भरतो. हे प्रकरण घडले तेव्हा वर्गात अकरा जणी होत्या. त्यांपैकी सात जणींना दोन वर्षांहून अधिक सराव होता, तर चार जणी त्याच वर्षी आषाढात सुई धरायला शिकल्या होत्या. शिकवण्याचे काम माझ्याकडे असते. बाहेरून येणारी कामे सगळ्या जणी वाटून घेतात आणि मिळकतीतला एक हिस्सा गटाच्या निधीत जमा होतो. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

गणेशोत्सव आटोपल्यावर एका कुटुंबाकडून मुलीच्या रुखवताचे काम आले. लग्न मार्गशीर्षात होते. मुलीच्या आजीने विणलेला एक रुमाल त्या घरात जपून ठेवलेला होता आणि त्याच्या कडेची लेस जशीच्या तशी नव्या वस्तूंना लावून हवी होती. मागणी एकूण तीन प्रकारच्या वस्तूंची होती: दीड मीटर बाजूचा एक चौकोनी टेबलक्लॉथ, ४० सेंटिमीटर बाजूचे बारा नॅपकिन आणि सहा उशांचे अभ्रे. पांढरे सुती कापड आम्ही इचलकरंजीहून आणले आणि दोरा २० नंबरचा, मर्सराइज्ड सुती घेतला. सुई सव्वा मिलिमीटरची ठरली.

हाताने होणाऱ्या लेसचे प्रकार अनेक आहेत. बॉबिनची लेस उशीवर टाचण्या रोवून, लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून फिरवून करतात. सुईची लेस काजाच्या टाक्यासारख्या टाक्यांनी उभी राहते. टॅटिंगमध्ये छोट्या धोट्याने गाठींच्या कड्या बांधतात. या परंपरांतील काही जाणकार क्रोशाला लेस म्हणायलाच तयार नसतात. आपल्याकडे मात्र घराघरांत पोहोचली ती क्रोशाचीच लेस. आंध्र प्रदेशात नरसापूरच्या परिसरात तर तिच्यावर घरबसल्या मजुरी करणाऱ्या बायकांचा मोठा उद्योग उभा आहे. आमच्या भागात तसा उद्योग नाही. देव्हाऱ्याचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल आणि रुखवत इथवरच क्रोशाची धाव असते आणि म्हणून मजुरी, माप आणि धुलाई यांचा विचार करण्याची सवयही आम्हाला नव्हती. या प्रकरणाचे मूळ बरेचसे त्या सवयीच्या अभावात आहे.

आजीची लेस तीन सेंटिमीटर रुंदीची होती. तिच्या आतल्या कडेला खांब (क्रोशाचे उभे टाके) आणि साखळ्यांची सरळ जाळी होती आणि बाहेरच्या कडेला पाच खांबांचे कंगोरे. ती लांबीच्या दिशेने लांबच लांब साखळी घालून विणलेली नव्हती. आखूड ओळी मागे-पुढे विणत जायच्या, आठ ओळी झाल्या की एक कंगोरा पुरा होतो आणि लेस हळूहळू लांब होत जाते, अशी तिची रचना होती. वाटून करायच्या कामाला ही पद्धत सोयीची पडते, कारण प्रत्येकीला हवी तेवढी लांबी विणता येते, कंगोरे मोजता येतात आणि जास्त झालेली लेस शेवटच्या ओळीकडून उसवून कमीही करता येते. लांबीच्या दिशेने विणलेल्या लेसची सुरुवातीची साखळी एकदा चुकली की सगळेच चुकते.

हिशेब असा केला. सरळ लेस चौकोनाच्या कोपऱ्यावरून वळवायची तर तिच्या बाहेरच्या कडेला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात रुंदीच्या दुप्पट, म्हणजे सहा सेंटिमीटर लेस चुणी घालण्यासाठी जादा धरावी लागते. त्यानुसार एका नॅपकिनला १६० अधिक २४ असे १८४ सेंटिमीटर, टेबलक्लॉथला ६२४ सेंटिमीटर आणि कोपरे नसलेल्या अभ्र्यांना प्रत्येकी ९२ सेंटिमीटर लेस लागणार होती. बेरीज ३३ मीटर ८४ सेंटिमीटर झाली. आम्ही ३५ मीटर विणायचे ठरवले. मजुरी मीटरला १८० रुपये ठरली आणि दोरा गटाने द्यायचा होता. मजुरीच्या दराचा हा निर्णय मी दोन मिनिटांत, कोणाशी फारसे न बोलता घेतला.

अडचण

दिवाळीपूर्वी लेस तयार झाली. दर शनिवारी प्रत्येकीने आपली लेस आणून टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या टेपवर धरायची, मी माप पाहून वहीत लिहायचे आणि पैसे द्यायचे, असा क्रम होता. दिवाळीनंतर खणभागातील एका टेलरने शिवणयंत्रावर सगळ्या वस्तूंना लेस लावून दिली. इस्त्री केल्यावर काम देखणे दिसले आणि आम्ही ते ग्राहकांना पोहोचवले.

लग्नाला एकोणीस दिवस उरले असताना मुलीच्या मावशींचा फोन आला. रुखवत मांडण्यापूर्वी कपड्यांचा कोरेपणा जावा म्हणून त्यांनी दोन नॅपकिन साध्या साबणाने धुतले होते. त्या रागावलेल्या नव्हत्या, पण बोलणे स्पष्ट होते. ‘बाई, एकाची वाटी झालीये आणि दुसऱ्याला झालर आलीये. बाकीचे मी अजून पाण्यात घातलेले नाहीत.’

दोन्ही नॅपकिन मी त्याच संध्याकाळी घेऊन आले. पहिला टेबलावर सपाट राहतच नव्हता. कडा आत ओढल्या गेल्याने मध्यभाग उचलला जात होता आणि कापडाला टिपेच्या कडेने चुण्या पडल्या होत्या. दुसऱ्याचे कापड सपाट होते, पण त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर लेस नागमोडी उभी राहत होती, उरलेल्या दोन बाजूंवर मात्र ती जवळजवळ सरळ होती.

कारणांचा शोध

वर्गात पहिला संशय दोऱ्यावर गेला, तो टिकण्यासारखा नव्हता. सुती दोरा ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढला की त्याला चमक आणि बळकटी येते आणि पुढे तो कमी आटतो. कॉस्टिक सोड्याच्या या प्रक्रियेचा शोध इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये लावला (ताणून धरण्याची भर पुढे पडली), म्हणून अशा दोऱ्याला मर्सराइज्ड म्हणतात. दोरा आटला असता तर दोन्ही नॅपकिन सारखेच बिघडले असते. दुसरा संशय टेलरवर आला आणि त्यात थोडे तथ्य होते. शिवणयंत्राचे दात खालचे कापड पुढे नेतात, वरचा दाबपाय मात्र वरच्या थराला अडवून धरतो. वर लेस असेल तर ती टिपेखाली जाताना ताणली जाते. परंतु टेलरने सगळ्या वस्तू एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने शिवल्या होत्या. परिणाम उलटसुलट आला होता, त्यामुळे सगळा दोष यंत्रावर ढकलणे सोपे असले तरी ते खरे ठरले नसते.

खरा धागा झालरीच्या नॅपकिनमध्ये सापडला. समोरासमोरच्या दोनच बाजूंवर झालर का यावी? कापडाचे सूत तपासले तेव्हा कळले की त्या दोन्ही बाजू ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने होत्या. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात ताण्याच्या दिशेने जास्त आटते, कारण मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत तोच धागा ताणलेला असतो. मोजल्यावर ४० सेंटिमीटरची बाजू त्या दिशेने ३८ भरली आणि आडव्या दिशेने ३९ च्या थोडी वर. लेस जागच्या जागी राहिली, कापड तिच्याखालून सरकले, म्हणून झालर आली. कापड कापण्यापूर्वी भिजवून आटवून घेणे हे मी वर्गात दरवर्षी सांगते. या वेळी घाईत ते केले नव्हते.

वाटीसारख्या नॅपकिनचे कोडे याने सुटत नव्हते, कारण त्याचेही कापड आटले होते आणि तरी लेस त्याला पुरत नव्हती. म्हणजे लेस कापडाहूनही जास्त आखडली होती. मी त्या लेसचे कंगोरे मोजले. वहीत एक मीटर म्हणून लिहिलेल्या लांबीत ३८ कंगोरे होते आणि टीप उसवून, ओली करून, ताण न देता वाळवल्यावर तेच ३८ कंगोरे ९३ सेंटिमीटर भरले. दुसऱ्या नॅपकिनच्या लेसमध्ये मीटरला ४० कंगोरे होते आणि धुतल्यावर ते ९९ सेंटिमीटर भरले. दोन्ही जणींचा कंगोरा एकाच मापाचा, जवळपास अडीच सेंटिमीटरचा होता. फरक विणकामात नव्हता, टेपवर लेस धरण्यात होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे आकडे सांगितले तेव्हा काही क्षण कोणी बोलले नाही. मग जिची ती लेस होती त्या काकूच म्हणाल्या, ‘बाई, मीटरला पैसे मिळतात म्हटल्यावर हात आपोआप ओढतो. मुद्दाम कोण ओढतंय?’ त्यावर आणखी तिघींनी माना डोलावल्या. मी स्वतः त्यांना ‘लेस सरळ करून मोजा’ असे शिकवले होते आणि सरळ करणे व ताणणे यांत रेषा कुठे आहे ते कधी दाखवले नव्हते. सुती क्रोशाची जाळी ओढली की सहज पाच-सात टक्के लांब होते आणि पाण्यात पडली की मूळ जागी परतते. मजुरीचा दर मीटरवर ठेवल्याने, ओढलेल्या लेसला पैसे द्यायची व्यवस्था मीच करून ठेवली होती.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी दीड तास चर्चा झाली आणि ती सगळी सौम्य नव्हती.

एक सूचना अशी आली की उरलेल्या वस्तू न धुता खळ घालून कडक इस्त्री करून द्याव्यात. रुखवत हे मांडण्यासाठी असते. लग्नाच्या दिवशी ते टेबलावर राहील, पाहुणे पाहतील, फोटो निघतील आणि पुढे काय होईल ते पुढे. ही सूचना करणाऱ्या ताईंचा हेतू वाईट नव्हता, त्यांना गटाची अब्रू वाचवायची होती आणि मी कबूल करते की एक संध्याकाळ मलाही तो मार्ग पटण्याजोगा वाटला होता. पण मावशींनी दोष पाहिला होता आणि आजीच्या लेसची नक्कल करून घेणाऱ्या घरात त्या वस्तू वापरल्या जाणार, धुतल्या जाणार, हे उघड होते.

बाजारातील तयार लेस आणून लावणे हा दुसरा पर्याय दोन दिवसांत उरकला असता. तो ग्राहकांपुढे ठेवावा असेही ठरले, पण मागणीच मुळी आजीच्या लेसची असल्याने त्यात काही अर्थ नव्हता.

सगळी लेस नव्याने विणणे अशक्य होते. अनुभवी हाताला ताशी पंधरा सेंटिमीटर आणि नव्या हाताला आठ-दहा सेंटिमीटर ही गती धरली तरी तीस-पस्तीस मीटरला एकोणीस दिवस पुरणार नव्हते, शिवाय दोष विणकामात नसल्याने चांगली लेस फेकून देण्यासारखे ते झाले असते.

शेवटी उरला तो मार्ग कंटाळवाणा होता: सगळ्या वस्तूंची टीप उसवायची, कापड आणि लेस वेगवेगळी धुवायची, लेसची कंगोऱ्यांनी नव्याने वाटणी करायची आणि हाताने लावायची. एका नॅपकिनला उसवायला तास-सव्वा तास आणि हाताने लावायला दोन तास, या हिशेबाने सर्व मिळून साठ तासांच्या आसपास काम निघत होते. ते बसण्यासारखे होते, पण उसवण्याचे नाजूक काम मी फक्त पाच जणींवर सोपवायला तयार होते, त्यामुळे मुदतीत सगळे होईल याची खात्री देता येत नव्हती.

या ठिकाणी निर्णयाचे दोन भाग होते आणि आम्ही सुरुवातीला ते एकत्र कालवून बसलो होतो. काम कसे दुरुस्त करायचे हा एक आणि दुरुस्तीच्या तासांचे पैसे कोणी सोसायचे हा दुसरा. ज्यांची लेस ओढून मोजली गेली होती त्यांच्या मजुरीतून कापावे, असे एकीने सुचवले. मी ते मान्य केले नाही. दर माझा, मोजणी माझी, टेपही माझाच. चूक वाटून घ्यायची तर त्यातला मोठा वाटा माझाच निघत होता. निधीतून उसवण्याचे आणि लावण्याचे तास नेहमीच्या दराने द्यायचे आणि निधी अपुरा पडल्यास उरलेली रक्कम मी भरायची, असे ठरले.

केलेली कार्यवाही

सर्वप्रथम मी ग्राहकांकडे जाऊन दोन्ही नॅपकिन त्यांच्यापुढे ठेवले आणि कारण सांगितले. टेबलक्लॉथ, सहा नॅपकिन आणि अभ्रे लग्नाआधी, तर उरलेले सहा नॅपकिन लग्नानंतर महिन्याभरात देण्याचा प्रस्ताव त्यांनी स्वीकारला. मावशींनी एकच अट घातली की या वेळी वस्तू आम्हीच एकदा धुऊन दाखवाव्यात. ती अट आम्ही आधीच पाळायला हवी होती.

उसवताना टीप लेसच्या बाजूने कापायची नाही, कापडाच्या बाजूने दर तीन-चार टाक्यांवर एक टाका कापून दोरा ओढून काढायचा, असा नियम ठेवला. कारण पांढऱ्या लेसमध्ये पांढरी टीप दिसत नाही आणि लेसचा धागा तुटला की जाळी भराभर सुटते. एवढे करूनही एका नॅपकिनच्या लेसचा खांब कापला गेला. तिथून तीन ओळी उसवून नवा दोरा जोडावा लागला.

कापड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, धाग्याच्या दिशेने इस्त्री केले. आटलेल्या कापडाच्या कडा आता काटकोनात नव्हत्या, म्हणून कडेचा एक धागा ओढून काढून त्या रेषेवर पुन्हा कापले आणि अर्ध्या सेंटिमीटरची दुहेरी दुमड घातली. लेस वेगळी धुतली आणि ओली असतानाच थर्माकोलच्या पाटावर, खाली जुन्या धोतराचा तुकडा पसरून, न गंजणाऱ्या स्टीलच्या टाचण्यांनी टाचली. पाटावर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि दोन रेघांत बरोबर दहा कंगोरे बसवायचे होते. गंजक्या टाचणीचा डाग सुती लेसमधून सहसा जात नाही; हे वाक्य वर्गात इतक्यांदा म्हटले गेले की शेवटी त्याची थट्टा होऊ लागली. तांदळाच्या पेजेची पातळ खळ दिली, तीही फक्त कंगोरे उभे राहावेत इतपत.

नंतर वाटणी. पहिल्या वेळी मी लेसचे तुकडे जसे हाताला लागले तसे जोडून वापरले होते, त्यामुळे काही नॅपकिनवर दोन-दोन जणींची लेस होती. दोन हातांचा ताण वेगळा असतो आणि तो पहिल्या धुण्यात नाही तरी पाचव्या धुण्यात दिसतो. या वेळी एका वस्तूवर एकच हात हे तत्त्व नॅपकिन आणि अभ्र्यांपुरते पाळले. टेबलक्लॉथला ते शक्य नव्हते. तिथे चार बाजूंना चार सारख्या हातांची लेस निवडून जोड कोपऱ्यांतील चुण्यांत लपवले. कमी पडलेले कंगोरे ज्यांचे त्यांनीच विणून दिले.

कापडाच्या प्रत्येक बाजूचा आणि लेसच्या तेवढ्याच भागाचा मध्य रंगीत दोऱ्याने खुणावला, कोपऱ्यांची सहा-सहा सेंटिमीटर लेस बाजूला राखली आणि मग मध्यापासून कोपऱ्याकडे लावत गेलो. एका टोकापासून सुरुवात केली तर हात नकळत लेस पुढे ढकलतो किंवा ओढतो आणि सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. बारीक सुईने, एकेरी दोऱ्याने, दुमडीच्या कडेचे एक-दोन धागे आणि लेसच्या आतल्या कडेचा फास असे एकत्र गुंफत, दोन-तीन मिलिमीटरवर तिरका टाका घालायचा होता. लेसचा खांब सुईने मधोमध भोसकायचा नाही आणि दोरा घट्ट ओढायचा नाही, एवढीच ताकीद होती. दर दहा कंगोऱ्यांवर टाका पक्का करून पुढे जायचे, म्हणजे पुढे कधी दोरा तुटला तर वीतभरच लेस सुटेल. कोपऱ्यात आतल्या कडेतून धावदोरा घालून लेस हलकेच गोळा केली आणि पंख्यासारखी पसरवून लावली.

मजुरीचा दरही बदलला. मीटरला १८० रुपयांऐवजी कंगोऱ्याला साडेचार रुपये. अडीच सेंटिमीटरच्या कंगोऱ्याने हिशेब तोच येतो, पण कंगोरा ओढला तरी त्याचे दोन होत नाहीत.

निष्पत्ती

टेबलक्लॉथ, सहा अभ्रे आणि ठरल्यापेक्षा एक जास्त, असे सात नॅपकिन लग्नाच्या चार दिवस आधी धुऊन, इस्त्री करून दिले. ते सपाट राहिले. टेबलक्लॉथच्या एका कोपऱ्यात चुणी किंचित जाड झाली आहे, ती मला अजून खटकते. ग्राहकांनी त्याबद्दल काही म्हटले नाही. उरलेले पाच नॅपकिन पौषात दिले. सोबत धुलाईची एक चिठ्ठी लिहून दिली, कारण सांगलीत लग्नघरी पांढऱ्या कापडाला हळद लागणार हे गृहीत धरावे लागते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरून ब्लीच ओततो, ज्याने सुती लेस कमजोर होते. त्याऐवजी साबण पूर्ण खळाळून टाकावा आणि कापड ओलेच उन्हात घालावे, उन्हाने हळदीचा रंग दोन-तीन दिवसांत उडतो.

निधीत होते ते पैसे संपले आणि आठशे रुपये मला घालावे लागले.

कंगोऱ्यावर दर ठेवल्याने ओढण्याचा प्रश्न मिटला, पण त्याच्या जागी दुसरा आला. पुढच्याच कामात काही जणींचे कंगोरे लहान होऊ लागले. नगावर पैसे मिळत असतील तर नग लहान करावासा वाटतो, हेही मुद्दाम होत नाही. एकीच्या माहेरी, विट्याच्या बाजूला, सोन्या-चांदीच्या गलाईचा, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय आहे. तिने तिथला एक जुना छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला. दोरा एकच असल्याने दहा कंगोऱ्यांचे वजन केले की कोणाच्या हातात किती दोरा जातो ते कळते. सैल हाताचे दहा कंगोरे जड भरतात, आवळ हाताचे हलके. आता प्रत्येकीकडे पुठ्ठ्याचे एक माप आहे, त्यावर धुतलेले दहा कंगोरे पंचवीस सेंटिमीटरच्या खुणांमध्ये बसले पाहिजेत आणि शंका आली तर काटा आहे.

या तपासणीत एक शिकाऊ मुलगी दुखावली गेली. तिचे कंगोरे सव्वादोन सेंटिमीटरच भरत होते आणि मी सगळ्यांसमोर तिला ‘हात सैल सोड’ म्हणाले. दोन आठवडे ती प्रयत्न करत राहिली, टाके सैलही झाले आणि वेडेवाकडेही झाले आणि मग ती वर्गाला येईनाशी झाली. तिला सव्वा मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरची सुई दिली असती तर तिच्या त्याच आवळ, सुबक हाताने अडीच सेंटिमीटरचा कंगोरा निघण्याचा बराच संभव होता. हात बदलण्यापेक्षा सुई बदलणे सोपे असते, हे मला माहीत होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी करता आला असता. एक नॅपकिन पूर्ण करून, तो तीनदा धुऊन, मगच बाकीच्यांचे कापड कापायला हवे होते. त्याला चार दिवस लागले असते आणि कापडाचे आटणे, लेसचे आखडणे, यंत्राचा ताण हे तिन्ही दोष एकाच नमुन्यात दिसले असते. नमुना आम्ही केला होता, पण तो ग्राहकांना दाखवण्यासाठी केला होता आणि दाखवायची वस्तू कोणी धूत नाही.

यंत्राचा निर्णय मी आजही पूर्णपणे चुकीचा मानत नाही. अभ्र्यांसारख्या सतत धुतल्या जाणाऱ्या वस्तूंना हातशिलाईपेक्षा टीप जास्त टिकते. लेस आधी हाताने कच्ची टाचून, खाली पातळ कागद ठेवून, दाबपायाचा दाब कमी करून टीप घातली असती तर अभ्रे उसवायची वेळ कदाचित आली नसती. टेलरला यातले काहीही मी सांगितले नव्हते. त्यांना लेस दिली, ‘लावून द्या’ म्हटले आणि निघाले.

शिकवण्याच्या क्रमाबाबत मात्र माझे मत बदलले आहे. पूर्वी नवीन मुलींना साखळी, मुका खांब, खांब आणि मग नक्षी असे शिकवत असे. माप, धुणे आणि लावणे हे ‘पुढचे’ म्हणून वर्षाच्या शेवटी येई आणि बऱ्याचदा राहून जाई. आता पहिल्या महिन्यातच प्रत्येकीने वीतभर साधी पट्टी विणायची, ती कोरडी मोजायची, ओली मोजायची, वाळवून मोजायची आणि एका फडक्याला हाताने लावायची, असे करते. काही जणी कंटाळतात. एकीने विचारले, ‘फूल कधी शिकवणार?’

मजुरीबाबत अजून समाधानकारक तोड सापडलेली नाही. तासावर दर ठेवावा, असे मला वाटते, कारण मग ओढण्यात आणि आवळण्यात दोन्हीत काही मिळत नाही; पण घरी बसून, मधे दूध उतू जाताना उठून, मुलाला शाळेत सोडून येऊन केलेल्या कामाचे तास कोण आणि कसे लिहिणार, हा प्रश्न काकूंनी विचारला आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. सध्या कंगोऱ्यावरच दर आहे. गेल्या मकर संक्रांतीला ती शिकाऊ मुलगी तिळगूळ द्यायला आली होती, तेव्हा मी तिला दीड मिलिमीटरची सुई आणि दोऱ्याचा एक गुंडा दिला; तिने घेतला, वर्गाचे मात्र काही बोलली नाही.